शून्य चुकांचे दोन दिवस

ही चाचणी पार पडली तर आपल्या पदरात काय काय पडणार, याची उजळणी अचूकरावांनी इतक्या वेळा केली होती की ती त्यांना पाढ्यासारखी पाठ झाली होती. सात वर्षं दर अकरा महिन्यांनी 'पुढे ढकलली' जाणारी नोकरी कायम होणार होती. जिन्याखालच्या खोलीतून उठून खिडकीच्या खोलीत बसायला मिळणार होतं. आणि मुख्य म्हणजे सासूबाई त्यांच्या कामाला 'ते काहीतरी' म्हणायचं बंद करणार होत्या!

सासूबाईंचे थोरले जावई, म्हणजे अचूकरावांचे साडू, घरोघरी इंटरनेटच्या लाइनी टाकत. सासूबाईंचा टीव्ही रुसला की साडू येत, कुठेतरी चिमटा लावत आणि दोन मिनिटांत चित्र परत! अचूकरावही तारेतून प्रकाशच पाठवत, पण त्यांचा प्रकाश कुणाच्या टीव्हीत जात नसे.

"दोन्ही जावई एकाच धंद्यातले," सासूबाई म्हणत, "पण एकाचंच दिसतं बाई!"

अचूकरावांचा प्रकाश जायचा तो वेगळ्याच ठिकाणाहून. अणूहून बारीक कण एकमेकांवर आपटायचे आणि फुटून काय निघतं ते बघायचं, असा तो प्रयोग. सेकंदाला कोट्यवधी टकरा! त्यांची माहिती साध्या तारेतून आणणं म्हणजे नदीचा पूर सुईच्या नेढ्यातून ओवणं. म्हणून ती प्रकाशावर बसवून केसाएवढ्या काचेच्या तंतूतून, फायबरमधून, बाहेर काढायची. पण टकरीच्या जागी किरणांचा असा मारा असतो, की साधी चिप तापात बरळावं तशी बरळू लागते. एकाला शून्य म्हणते, शून्याला एक. त्या माऱ्यातही शुद्धीवर राहील अशी नखाएवढी चिप अचूकरावांनी सात वर्षं खपून घडवली होती.

तिची परीक्षा मात्र सोपी होती. जाड भिंतींच्या मारा-खोलीत चिप ठेवायची. बाहेर टेबलावर मोजणीची पेटी. पेटीने एक-शून्यांची माळ साठ मीटर फायबरमधून आत पाठवायची, चिपने ती जशीच्या तशी परत करायची आणि वाटेत किती मणी बदलले ते पेटीने मोजायचं. खोली मिळाली होती दोनच दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दुसऱ्या दिवशी दुपारी निवड समिती येणार. पुढचा नंबर आठ महिन्यांनी!

अचूकराव पद्धतीला पक्के. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलेलं. पेटी खरं बोलते का हे आधी तपासायचं, हा त्यांचा नियम. त्यासाठी हातभर लांब पिवळी फायबर घेऊन पेटीचं जाणारं तोंड तिच्याच येणाऱ्या तोंडाला जोडायचं. पेटी स्वतःशीच बोलणार, म्हणजे चुका शून्य. पेटीला अशा तोंडांच्या आठ जोड्या होत्या, पण मोजणी लावली होती फक्त पहिल्या जोडीवर. चिपची खरी लाइन सोयीसाठी दुसऱ्या जोडीत टोचून ठेवली होती. पिवळी काढायची, लाइन पहिल्या जोडीत आणायची, की झालं. अचूकरावांनी शून्य बघितलं, पिवळीला हात घातला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, आई विचारतेय," बायको म्हणाली, "टीव्ही परत बंद पडलाय. तुम्ही बघाल, की दाजींना बोलवू?"

"मी बघेन!"

"मागच्या वेळी तुम्ही बघितलात, तर दाजींना दोनदा यावं लागलं."

"त्यात माझा काय दोष? तो पडद्याचाच..."

हा वाद आठ मिनिटं चालला. नऊ मिनिटांनी अचूकराव तणतणत परत आले, खुर्चीत बसले आणि मारा सुरू करा म्हणाले. पिवळी पेटीच्या पाठीमागे जिथल्या तिथे. आता हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या खोलीत कुणालाच नव्हतं. तेव्हा गप्प बसा आणि बघा.

पहिला तास. चुका शून्य.

"काका!" अचूकराव ओरडले. "बघा, बघा!"

जोडारी काका तीस वर्षं फायबर जोडत आलेले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "शून्य?"

"शून्य!"

"शून्य म्हणजे जरा जास्तच कमी नाही का, अचूकराव?"

"काका, तुम्हाला ना, कुणाचं चांगलं बघवत नाही!"

दुपारपर्यंत चिपने प्रयोगातल्या चार वर्षांएवढा मारा खाल्ला. चुका शून्य. बातमी वरच्या मजल्यावर गेली आणि प्रयोगप्रमुख मॅडम एका पायात चप्पल आणि एका पायात बूट अशा खाली धावत आल्या. पडद्यासमोर उभ्या राहून त्यांनी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले.

"मारा वाढवा!" त्या म्हणाल्या.

"वाढवला, मॅडम."

"अजून वाढवा! दुप्पट! तिप्पट! घाबरता काय?"

तिप्पट केला. आत कोंबडीचं अंडं ठेवलं असतं तर त्यातल्या कोंबडीच्या नातवंडांनाही पुरला असता एवढा मारा! पेटी ढिम्म. शून्य. मॅडमनी तिथल्या तिथे फोन काढला आणि बारा ठिकाणी कळवून टाकलं. अचूकरावांनी एकाच ठिकाणी कळवलं, पण ते घर होतं, त्यामुळे बातमी त्यांच्या आधी सासूबाईंकडे पोचली.

"आई म्हणाली, छान झालं हो," बायकोने सांगितलं. "आणि टीव्ही दाजींनी लावून दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वीजपुरवठ्यापाशी वाकून उभे दिसले.

"अचूकराव, चिपला वीज किती जाते?"

"पाव अँपियर. का?"

"इथे काटा शून्यावर आहे. काल दुपारी मारा वाढवला तेव्हा फ्यूज उडालेला दिसतोय."

अचूकरावांनी पेटीकडे बघितलं. चुका शून्य. मग काट्याकडे बघितलं. तोही शून्य.

"मीटर बिघडलंय," ते म्हणाले.

काकांनी दुसरं मीटर आणून लावलं. शून्य.

"हेही बिघडलंय. दोन्ही एकाच कंपनीची."

"मी माझं घरचं आणू का?" काकांनी विचारलं.

मॅडम आल्या, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही मीटरं उलटसुलट करून बघितली. काकांना वाटलं, आता उजेड पडणार. पण माणसाला हवं तेच उत्तर मिळालं, की तो त्याची जात-पात विचारत नाही. मॅडमचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"अचूकराव," त्या कुजबुजल्या, "ती चिप... किरणांवरच तर चालत नसेल?"

अचूकरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला! ते फळ्याकडे धावले. मारा आत येतो, चिपमध्ये भार साठतो, त्या भारावर लेझर पेटतो! बाण काढले, चौकटी काढल्या, फळा संपला तेव्हा भिंतीवर लिहू लागले. ज्याने मारावं त्याच्याच जिवावर जगायचं! सात वर्षांत आपण काय बनवलं ते आपल्यालाच कळलं नाही!

"याला तुमचं नाव देऊ!" मॅडम म्हणाल्या.

"नको, नको," असं म्हणत अचूकरावांनी ते नाव फळ्यावर लिहून बघितलं. छान दिसत होतं.

चारची समिती पाचला आली. तीन माणसं. अध्यक्षांनी भिंतीवरचे बाण शांतपणे वाचले आणि म्हणाले, "असं?" त्या एका शब्दाने दुसरा कुणीही सावध झाला असता. पण तेवढ्यात अचूकरावांचा फोन वाजला. त्यांनी उचलला, तर त्याच्या पडद्यावर अख्खं सासर हजर. मध्ये सासूबाई, बाजूला बायको, मागे साडू.

"साहेब, दोन मिनिटं," अचूकराव अध्यक्षांना म्हणाले. "घरची माणसं आहेत. त्यांनाही दाखवतो." आणि त्यांनी फोन पेटीसमोर धरला. "आई, हे बघा! वीस वर्षांचा मारा, वीज बंद, तरी चूक एकही नाही!"

"वा!" साडू म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच कौतुकाचा होता. "साडूभाऊ, यातली आत जाणारी लाइन कोणती?"

"ही काळी. भिंतीतून जाते ती."

"काढा बघू जरा."

"काय काढा? चालू लाइन आहे!"

"चालूच काढायची असते हो. आमच्यात गिऱ्हाईक म्हणालं, सगळं ठीक आहे, की आम्ही आधी वायर उपटतो. चित्र गेलं पाहिजे. नाही गेलं, तर ते दुसरीकडूनच येतंय समजायचं."

"साडूभाऊ, हा तुमचा टीव्ही नाही! हे विज्ञान आहे!"

"काढून बघायला हरकत नसावी," अध्यक्ष मागून म्हणाले.

अचूकरावांनी ताठ मानेने काळी लाइन उपटली. सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं.

चुका शून्य.

"म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "फायबरही... लागत नाही?"

जोडारी काका पेटीच्या मागे गेले, वाकले आणि दोन बोटांनी हातभर पिवळी फायबर ओढून काढली. पेटीने किंकाळी फोडली! आकडा लाखावर गेला, कोटीवर गेला, मग पडद्यात मावेना म्हणून चुकांच्या जागी नुसत्या फुल्या आल्या.

"काय हो झालं?" फोनमधून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई," साडू हलकेच म्हणाले. "रेंज गेली." आणि त्यांनीच फोन बंद केला.

वेळ संपायला पन्नास मिनिटं होती. ती मात्र अचूकरावांनी अशी वापरली, की आधीची सात वर्षंही तशी वापरली नसतील! फ्यूज बदलला. काळी लाइन पहिल्या जोडीत लावली, मग काकांना दाखवली, मग उपटली. आकडा उसळला. परत लावली, मोजणी पुन्हा शून्यापासून धरली. आत, वीस वर्षांचा मारा खाऊन बसलेली, अर्ध्याहून जास्त वेळ उपाशी ठेवलेली ती चिप जागी झाली आणि माळ परत करू लागली. उरलेल्या वेळात चुका दोन!

"दोनच!" अचूकराव किंचाळले. "साहेब, खरोखरच्या दोन!"

"उत्तम आहे," अध्यक्ष मनापासून म्हणाले. "पण त्याआधीचे एकोणीस तास ती कशी वागली?"

"ते... माहीत नाही."

"मग मोजलं काय?"

"पिवळी वायर."

"ती कुठे होती?"

"इथेच. टेबलावर."

अध्यक्षांनी वहीत लिहून घेतलं. "पिवळ्या वायरीबद्दल समितीला कसलीही शंका नाही. चिपसाठी आठ महिन्यांनी या."

आता कुणी किती भोगलं ते बघू. मॅडमना बारा ठिकाणी बारा पत्रं पाठवावी लागली, प्रत्येकात 'घाईने' हा शब्द दोनदा. काकांना भिंत पुसावी लागली. साडूंना रविवारी सासूबाईंसमोर 'रेंज म्हणजे काय' हे तासभर समजावून सांगावं लागलं, आणि त्यांनी अचूकरावांची चूक शेवटपर्यंत ओठावर येऊ दिली नाही. हे अचूकरावांना चुकीपेक्षा जड गेलं. स्वतः अचूकरावांना जिन्याखाली आणखी आठ महिने. पण खरी किंमत मोजली ती त्या नखाएवढ्या चिपने. सगळा मारा तिने एकटीने खाल्ला, मोजलं तेवढ्या वेळात चुकली फक्त दोनदा, आणि सगळे शून्य-शून्य म्हणून नाचत होते तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. अचूकराव तिला हातात घेऊन शाबासकी द्यायला निघाले होते, पण काकांनी दारातच अडवलं. एवढा मारा खाल्लेल्या वस्तूला हात लावायचा नसतो. तिला शिशाच्या कपाटात बंद करून वर चिठ्ठी डकवली आहे: 'धोका. जवळ जाऊ नये.'