मुळेमावशींचं पाकीट

मुळेमावशींकडून दिवाळीचा फराळ येतो तेव्हा आधी एकच करंजी येते. ताटलीत, झाकलेली, मधोमध एकटी. पाठोपाठ फोन. "पोचली का? कोणाच्या हातात पडली? नीट बघ, करंजीच आहे ना?" मी पोचल्याचं सांगितलं, करंजीच असल्याची ग्वाही दिली, की मग उरलेला डबा निघतो. त्यांचं घर आमच्या बरोबर समोर आहे. मधला रस्ता असा, की स्कूटर आली तर दोन्ही ओट्यांवरच्या माणसांना पाय वर घ्यावे लागतात. एवढ्या अंतरात करंजी हरवणार कुठे, असं मी एकदा विचारून बघितलं.

"हरवणार नाही. पण चुकीच्या घरी गेली तर परत येईल का? आधी थोडं, मग सगळं. नियम म्हणजे नियम."

हा नियम फराळाचा नाही. क्रिप्टोचा आहे.

शकुंतला मुळे मूळच्या इंदूरच्या. भोपाळला मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि आता इथेच, कोटरा सुल्तानाबादच्या आमच्या गल्लीत एकट्या राहतात. मुळेकाका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा निखिल कॅनडात नोकरीला. मागे तो आला होता, तेव्हा जाता जाता त्याने आईच्या फोनवर एक वॉलेट, म्हणजे क्रिप्टोचं पाकीट, उघडून दिलं, त्यात थोडी टोकन घातली आणि म्हणाला, "आई, शिकून ठेव, पुढे कामाला येईल." दुसऱ्या कुठल्याही आईने "बरं" म्हणून त्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी कोंबली असती. मावशींनी बरणी तर कोंबलीच, वर शिकायलाही घेतलं. आणि बाई काही शिकल्या, की ते इतरांना शिकवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

पहिला तास माझ्याच वाट्याला आला. मी भाजीला बिट्टन मार्केटच्या हाटात निघालो होतो आणि मावशी स्कूटरवर मागे बसल्या होत्या.

"अनिल, पाकिटात काय असतं?"

"पैसे."

"चूक. काहीच नसतं. नुसती किल्ली असते. पैसे बाहेर, जगाच्या डोळ्यांसमोर, एका भल्यामोठ्या सामायिक खात्यात मांडलेले असतात. किल्ली ज्याच्याकडे, हक्क त्याचा."

"मग त्याला पाकीट का म्हणतात?"

"नाव ठेवणाऱ्याने मला विचारलं नाही."

हाटात त्यांनी गिलकी, म्हणजे आपली घोसाळी, घेतली आणि पैसे द्यायला फोन काढला. पडद्यावर उमटलेलं नाव मोठ्याने वाचलं. भाजीवाल्याला त्याचं नाव विचारलं. मग त्याच्या वडिलांचं विचारलं. भाजीवाला कळवळून म्हणाला, "अम्मा, गिलकी के पैसे हैं, रजिस्ट्री थोड़े ही हो रही है."

"भैया, गया तो गया. वापस नहीं आता," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं. मागे रांग लागली होती. रांगेत मीही होतो, पण मी त्यांना ओळखत नसल्यासारखा टोमॅटो बघत उभा राहिलो.

वॉलेट उघडताना आपल्याला बारा इंग्रजी शब्द मिळतात. फोन हरवला तरी ते शब्द वापरून सगळं परत मिळतं. दुसऱ्याच्या हाती लागले तर त्यालाही मिळतं. ते फोनमध्ये ठेवायचे नाहीत, त्यांचा फोटो काढायचा नाही, कोणालाही सांगायचे नाहीत. हे मावशींच्या अंगात इतकं भिनलं, की त्या काहीच सांगेनाशा झाल्या. गॅसवाल्याने सिलिंडर आणून कोड मागितला, तर त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून उलटतपासणी. डॉक्टरने "काय होतंय?" असं विचारलं, तर "तुम्हीच तपासून सांगा."

गल्लीत या सगळ्याला हसणारे पुष्कळ होते. सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते फडकेसाहेब. साहेब पुण्याहून नोकरीसाठी इकडे आले, इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि इथेच राहिले, पण हिंदीने त्यांना अजून घरात घेतलेलं नाही. "मेरे को घाई है, मैं आंघोळ करके निकलता हूँ," असं ते दूधवाल्याला बिनदिक्कत सांगतात. त्यांनीही टोकन घेतली होती, आणि मावशींच्या कितीतरी पट. "मुळेबाई," ते म्हणायचे, "मी धरणाचे दरवाजे उघडलेत. हे ॲप काय घेऊन बसलात?"

तो सुट्टीचा दिवस होता. दुपारी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. पलीकडे मावशी गच्चीवर सांडगे उलटत होत्या. त्यांच्या शेजारच्या घरी फडकेसाहेब व्हरांड्यात स्पीकरवर फोन ठेवून बोलत होते, म्हणजे गल्लीच ऐकत होती. फोनवरचा आवाज तुपासारखा होता. "सर, आज शाम तक आपका वॉलेट बंद हो जाएगा. वेरिफिकेशन के लिए वो बारह शब्द बोल दीजिए."

साहेब चष्मा सावरून एकेक शब्द वाचू लागले. स्पेलिंगसकट.

मावशी गच्चीवरून कधी उतरल्या ते मला दिसलं नाही. दिसला तो त्यांचा पिठाने माखलेला हात, फडक्यांच्या फोनवर.

"हाँ बेटा, साहब को कम दिखता है. आगे मैं बोलती हूँ. लिखो. लौकी."

"जी?"

"लौकी. उसके बाद गिलकी. परवल. टिंडा."

"मैडम, ये तो अंग्रेज़ी में होते हैं."

"ये भोपाल वाला है. लिखो, कद्दू. कद्दू दो बार आएगा."

तिकडचं तूप थिजलं आणि फोन कट झाला.

"चोर होता?" फडकेसाहेबांचा आवाज एकदम लहान झाला. "किती सभ्य बोलत होता हो."

"सभ्यच बोलणार. किती शब्द सांगितलेत?"

"निम्मे."

"निम्म्यांनी लगेच काही उघडत नाही. पण आता या किल्लीवर भरवसा ठेवायचा नाही. नवं वॉलेट करू आणि सगळं तिकडे हलवू. बसा."

तोवर मीही तिथे पोचलो होतो; नवं वॉलेट उघडताना त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. साहेबांनी नवे बारा शब्द कागदावर उतरवले. मग पहिली अडचण आली. टोकन पाठवायला शुल्क लागतं आणि ते त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यातच द्यावं लागतं. साहेबांकडे टोकन ढीगभर, ते नाणं मात्र औषधालाही नव्हतं.

"यातूनच कापून घ्या म्हणावं!"

"रिक्षावाल्याला भाड्याऐवजी गच्चीचा कोपरा देता का तुम्ही?" असं म्हणत मावशींनी आपल्या वॉलेटमधून त्यांना शुल्कापुरती नाणी पाठवली. मग नव्या वॉलेटचा पत्ता पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत हजेरी घेतल्यासारखा वाचला. साहेबांना "बरोबर" म्हणायला लावलं. आणि अगदी थोडं टोकन पाठवलं.

"सगळं पाठवा!" साहेब ओरडले. "बाई, तो तिकडे बसलाय!"

"आधी थोडं."

"अहो, घर पेटलंय!"

"म्हणूनच. घाईत चुकीच्या पत्त्यावर गेलं तर मी कोणाला फोन करू? याला मॅनेजर नाही."

आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत राहिलो. त्यावर गोल चक्र फिरत होतं. फडकेसाहेब मला म्हणाले, मावशींना नाही, "अनिल, यात सुलभाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे आहेत रे. तिला माहीत नाही." त्यांच्या पत्नी, सुलभाकाकू, आत झोपल्या होत्या.

पोचलं. मग मावशींनी उरलेलं सगळं पाठवलं. तेही पोचलं. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि कितीतरी वेळ पुसतच राहिले. मावशी उठल्या. "सांडगे वाळतायत," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवसापासून दर शनिवारी मावशींच्या व्हरांड्यात वर्ग भरतो. हजेरी होते. बोलणाऱ्याला बाकाच्या टोकाला बसवतात. परवा तोंडी परीक्षा झाली. "समोरच्याचं वॉलेट ज्या नेटवर्कवर घेणार आहे, त्याच नेटवर्कवर पाठवायचं. चुकीचं निवडलं तर?" या प्रश्नावर फडकेसाहेब म्हणाले, "परत येतं." मावशींनी त्यांना नापास केलं. धरणाचे दरवाजे उघडलेला माणूस खाली मान घालून घरी गेला.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, मी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. दार उघडंच होतं. मावशी निखिलशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. मला हातानेच बसायला सांगितलं.

"अरे, ते नेटवर्क कुठलं निवडायचं असतं रे?" त्या विचारत होत्या.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"अगं आई, मागच्या रविवारी तर सांगितलं."

"राहत नाही रे डोक्यात. सांग ना पुन्हा. पहिल्यापासून सांग."

तिकडे निखिलने उसासा टाकला आणि सांगायला लागला. सांगता सांगता रंगला. हातवारे करू लागला. मधेच म्हणाला, चुकीच्या नेटवर्कवर गेलं तरी काळजी नाही, आपोआप परत येतं. मी मावशींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हो का? बरं झालं सांगितलंस." त्यांचं त्या ॲपकडे लक्षच नव्हतं. त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

कॉल संपल्यावर मला राहवलं नाही. "मावशी, तो चुकला."

"चुकला. मी मागाहून त्याला बरोबर काय ते मेसेजमध्ये टाकीन, फडकेसाहेबांचं निमित्त करून. त्याचे पैसे जायला नकोत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मावशींनी माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडून उगाचच आत बघितलं.

"'कशी आहेस?', 'बरी आहे.', 'जेवलास का?', 'हो.' एवढंच तर उरलंय आमच्यात, अनिल. पण शिकवायला लागला की बोलतो. मग मधेच त्याच्या ऑफिसचं निघतं, बर्फाचं निघतं. आज म्हणाला, घरी भात लावायला शिकलोय."

डबा ठेवायला त्या आत गेल्या आणि आतूनच त्यांनी विचारलं,

"पुढच्या रविवारी काय विसरू रे? जरा लांबलचक असेल असं काहीतरी सुचव."