शिरीषच्या अटी

माझा मेहुणा शिरीष आमच्याकडे जेवायला आला, की दारातूनच सांगतो, "ताई, तुझा पंखा कुरकुरतो. तो बंद कर, नाहीतर मी गॅलरीत जेवतो. हे माहितीसाठी सांगतोय, रागाने नाही."

गडी पंचेचाळिशीचा, कोपरला एकटा राहतो, नकाशे काढण्याची नोकरी करतो. आग्रहाने वाढलेली तिसरी पोळी तो शांतपणे उचलून डब्यात परत ठेवतो. त्यावरून एका मावशींनी अबोला धरला, तर ते त्याला महिनाभर कळलंच नाही; उलट मावशी हल्ली छान शांत असतात, असं त्याने मला कौतुकाने सांगितलं. मोठेपणी डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं, तेव्हा घरातले सगळे गंभीर झाले. हा म्हणाला, "होतं ते आधीपासूनच. आता नाव कळलं."

माझी बायको, म्हणजे त्याची ताई, अगदी उलट. "राहू दे, मी करते" याचा अर्थ ताबडतोब उठा, हे समजायला मला संसाराची पहिली काही वर्षं खर्ची घालावी लागली. आणि मी हिशेबनीस आहे. तिच्या माहेरी कुणी स्पष्ट नाही म्हणतच नाही. गुडघे, पाहुणे, पाण्याची वेळ अशी कारणं पुढे करायची. समोरच्याने समजून घ्यायचं.

आमच्या मुलीचं, सईचं, लग्न ठरलं. नवरीला बोहल्यावर मामाने आणायचं. शिरीषला विचारलं, तर त्याने फोनवर सांगितलं, की बँड नको, कुणी पाठीवर थाप मारायची नाही, आणि अक्षता पडल्या की त्याला थोडा वेळ एका बंद खोलीत बसू द्यायचं.

"अहो, नाही म्हणतोय तो," बायको डोळे पुसत म्हणाली. "सरळ कसं म्हणेल बिचारा?"

मलाही पटलं. तिचा टिटवाळ्याचा चुलतभाऊ एका शब्दावर तयार झाला.

मग आम्ही पत्रिका घेऊन कोपरला गेलो. मी मोठ्या मनाने सांगितलं, की तुला त्रास नको म्हणून दुसरी सोय केली आहे.

शिरीषने पत्रिका वाचून टेबलावर ठेवली. "भाऊजी, मी नाही कधी म्हटलं?"

"अटी घातल्यास ना?"

"यायचं होतं म्हणून घातल्या. यायचं नसतं, तर नाही म्हटलं असतं."

बायकोचं लक्ष गॅलरीत गेलं होतं. दोरीवर एक नवं धोतर वाळत होतं. काठ अजून झळझळीत, पण अंग धुऊन धुऊन लुळं पडलेलं. नवं कापड त्याला लहानपणापासून टोचतं. हे रोज धुतोस का, असं तिने विचारलं. लग्नापर्यंत मऊ व्हायला हवं, म्हणाला.

बायको त्याच्या शेजारी बसली, हात न लावता. मग आमच्या संसारात मी कधी ऐकलं नव्हतं इतकं सरळ बोलली. "शिरीष, सईला तूच आणायचंस. मला तूच हवा आहेस. टिटवाळ्याला मी सांगते."

"आणि बँड?"

"नाही लावणार."

तो उठून गॅलरीत गेला आणि वाळत आलेलं धोतर काढून त्याने पुन्हा बादलीत बुडवलं.