मशीनला साडू नसतो

गुलमोहर सोसायटीच्या वर्धापन दिनाला डान्स स्पर्धा होत असे, आणि निकालानंतर ए विंग आणि बी विंग पुढची स्पर्धा येईपर्यंत एकमेकींशी बोलत नसत. दोष नेहमी परीक्षकांचा. एका वर्षीचे परीक्षक बी विंगच्या खजिनदारांचे साडू निघाले. पुढच्या वर्षी परीक्षकबाईंच्या रिक्षात ए विंगमधून फणस चढवला गेल्याचं वॉचमनने पाहिलं. शेवटी आसपासच्या सगळ्या हेंद्रेपाड्यात या सोसायटीचं नाव काढलं की परीक्षक व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा सेक्रेटरी हेमंतरावांनी डान्सचा व्हिडिओ गेम आणायचं ठरवलं.

"पडद्यावरची बाई नाचेल तसं आपण नाचायचं. मार्क मशीन देणार," त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं. "मशीनला साडू नसतो. मशीन फणस खात नाही. मशीनचा निर्णय अंतिम!" यानंतर त्यांनी वीस मिनिटं नियम समजावले, पण तोवर बटाटेवडे आले होते.

ए विंगमधल्या तीनशे चार नंबरच्या माधवीला त्या स्पर्धेतून ट्रॉफी नको होती. तिला क्लास काढायचा होता. लग्नाआधी ती उल्हासनगरला मुलींना नाच शिकवायची. लग्नाला सहा वर्षं झाली, सोसायटीचा हॉल दुपारी रिकामा असतो हे कळून पाच, पण सासूबाई बनूबाईंपुढे विषय काढला की त्या कुकरची शिट्टी मोजायला लागत. नवरा राजेंद्र अंबरनाथच्या कंपनीत सुपरवायझर होता. तिथले दोनशे कामगार तो सांभाळी, घरातल्या दोन बायकांमध्ये मात्र पडत नसे.

स्पर्धेचं जाहीर झालं तेव्हा बनूबाईंनी लिफ्टपाशी, चारचौघांसमोर सांगून टाकलं. "पहिला नंबर आला तर खुशाल क्लास काढ. नाय आला तर परत नाव नाय काढायचं. हेमंतराव, तुमी साक्षी!"

स्पर्धेच्या संध्याकाळी पहिल्या फेरीत चौघींनी एकदम नाचायचं होतं. प्रत्येकीने आपापल्या फोनवर गेम जोडून नाव टाकलं. माधवीनेही टाकलं. ती हजेरी असावी असं तिला वाटलं. उल्हासनगरच्या मॉलमधल्या गेम झोनमध्ये ती कितीदा नाचली होती. तिथे पडद्यावरचा कॅमेरा माणसाला टिपायचा, फोनबिन काही लागत नसे.

ती स्टेजवर चढणार, तोच पहिल्या रांगेतून बनूबाईंचा हात पुढे आला. "आण तो फोन इकडं. नाचता नाचता पडला म्हंजे? नवा हाय."

माधवीने फोन दिला आणि ती वर गेली. गाणं सुरू झालं. खाली बनूबाईंनी शेजारी बसलेल्या ठमाबाईंकडे तोंड वळवलं. ठमाबाई त्यांच्या माहेरच्या, जांभूळ गावच्या, आणि सुनेबद्दल ऐकून घ्यायला कधीही मोकळ्या.

"आमटीत पाणी किती घालते म्हायतीये?" बनूबाईंचा फोनवाला उजवा हात गुडघ्यापासून थेट डोक्यापर्यंत गेला. पडद्यावरच्या बाईनेही नेमका तेव्हाच हात उंचावला होता. माधवीच्या नावापुढे एक चांदणी चमकली.

"चादरीची घडी कशी घालते? अशी!" हात डावीकडून उजवीकडे. दुसरी चांदणी.

"आन कोथिंबिरीच्या काड्या? दिल्या फेकून!" हात खांद्यावरून मागे. पडद्यावर सोनेरी फुलबाज्या उडाल्या.

सहा वर्षांची तक्रार होती, तिला एक लय आलेली होती. गाणं संपलं तेव्हा माधवी पहिली होती आणि बी विंगची किर्ती दुसरी. फायनल या दोघींत ठरली. माधवीच्या हातात फोन नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नाचणारणीकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे पडद्यावरच्या चांदण्या मोजत होते.

मधल्या वेळेत माधवी पाणी प्यायला गेली. तिथे किर्ती मनगटाला रुमालाने फोन घट्ट बांधून घेत होती.

"फोन कशाला बांधतेस गं?"

"अरे यार, मग स्कोअर कसा येणार? फोनच तर मोजतो ना, उजव्या हाताचं. हेमंतकाका इतकं घसा फोडून सांगत होते." किर्तीने तिच्याकडे पाहिलं. "तुझा कुठे गेला?"

"आहे, आहे," माधवी म्हणाली. आपण वर नाचत होतो तेव्हा मशीन कुणाला मोजत होतं, हे तिला आता कळलं. खरं सांगावं तर बाद. बाद झालं की क्लास गेला, आणि तोही साक्षीदारांसमोर. एकच मार्ग होता. फोन परत घ्यायचा आणि फायनल तरी स्वतः जिंकायची. ती धावत पहिल्या रांगेत आली.

"आई, फोन द्या ना."

"नाय देनार." बनूबाईंनी फोन छातीशी धरला. "मगाशी माज्याकडं होता तर नंबर आला. शकुन मोडतात काय गो?"

"आई, पण त्याचं काम..."

"जा वरती. लोक बघतात."

माधवी रिकाम्या हाताने स्टेजवर उभी राहिली.

खरी अडचण पुढेच होती. पहिल्या फेरीने बनूबाई सुखावल्या होत्या. येणारे-जाणारे "सून छान नाचली हो" म्हणून गेले होते. अशा वेळी गाऱ्हाणं सांगायला मन होत नाही. फोन मांडीवर, त्यावर दोन्ही हात, अशा त्या सत्यनारायणाची कथा ऐकायला बसल्यासारख्या बसल्या. गाणं सुरू झालं. किर्तीला चांदणी, किर्तीला दुसरी चांदणी. माधवी जीव तोडून नाचत होती आणि तिच्या नावापुढे एक ठिपका हलायला तयार नव्हता. ए विंगमध्ये कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात निऱ्या पायात आल्या. पडू नये म्हणून माधवीने त्या सरळ वर खोचल्या, पोटऱ्या दिसतील इतक्या.

"अगो बाय!" बनूबाईंचा हात वर उडाला. चांदणी.

माधवीने पडद्याकडे पाहिलं, मग सासूकडे. तिने पदर ओढला आणि कमरेला करकचून बांधला.

"ही काय करते गो, ठमा!" हात उजवीकडे. चांदणी.

मग माधवीने कंबर अशी काही हलवली, की मागच्या रांगेतले आजोबा चष्मा पुसायला लागले. तिने हेमंतरावांकडे बघून भुवई उडवली. हेमंतरावांनी घाबरून आपल्या बायकोकडे पाहिलं. बनूबाई आता उभ्या राहिल्या होत्या आणि फोनसकट हात हवेत परजत होत्या. "उतर खाली! उतर म्हनते ना!" पडद्यावर फुलबाज्यांची माळ लागली. शेवटच्या कडव्याला माधवीने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. सहा वर्षांत ती अशी नाचली नव्हती. आपण सासूला चिडवायला नाचतोय, हेसुद्धा ती शेवटी शेवटी विसरली.

मशीनने निकाल दिला. पहिला नंबर, माधवी.

घरी गेल्यावर बनूबाई एवढंच म्हणाल्या, "शब्द दिला तो दिला. काढ क्लास. मी त्या हॉलच्या बाजूला फिरकनार नाय."

माधवी आनंदाने रडली. तिचा आनंद दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत टिकला. नऊ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधून एक व्हिडिओ आला. पुढे पाठमोऱ्या बनूबाई, हातात फोन. मागे पडदा. बनूबाईंचा हात उडाला की चांदणी, हात खाली की काही नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "सेक्रेटरींनी खुलासा करावा."

संध्याकाळी तातडीची मीटिंग झाली. हेमंतरावांनी व्हिडिओ चार वेळा पाहिला, नियमावली दोनदा वाचली, आणि घसा साफ केला.

"स्पर्धेची नोंदणी आपण फ्लॅटप्रमाणे केली होती, मेंटेनन्सच्या यादीवरून. नावाप्रमाणे नाही. तेव्हा पहिला नंबर तीनशे चारचाच. फक्त, मार्क ज्या हाताने मिळवले तो हात बनूबाईंचा आहे. मशीनचा निर्णय अंतिम. बनूबाई, अभिनंदन!"

बी विंग लगेच उठून गेली. ए विंगने टाळ्या वाजवल्या, कारण ट्रॉफी विंगमध्येच राहत होती. बनूबाईंनी ती घेतली आणि लिफ्ट सोडून जिना चढायला लागल्या. मागून माधवी. क्लास गेला, हे माधवीला दुसऱ्याच मजल्यावर पटलं होतं. आता फक्त ऐकून घ्यायचं बाकी होतं.

दाराशी बनूबाई थांबल्या. "तर मंग पहिला नंबर माजा आला."

"हो, आई."

"तुजा नाय आला."

"नाही, आई. चुकलंच माझं."

"आन ज्याचा पहिला नंबर त्याने क्लास काढायचा, असं ठरलंवतं. हेमंतराव साक्षी हायेत." बनूबाईंनी ट्रॉफी दुसऱ्या काखेत घेतली. "मंग क्लास मी काढनार. तू ये शिकवायला. येळेवर यायचं पन."

आठवड्याभरात हॉलच्या दारावर पाटी लागली, 'बनूबाई डान्स क्लास'. दाराशी खुर्ची टाकून बनूबाई बसत, येणाऱ्या आयांची चौकशी करत आणि कोणत्या मुलीला घ्यायचं ते ठरवत. हॉलच्या बाजूला न फिरकण्याचं त्या विसरल्या होत्या, आणि आठवण करून द्यायची हिंमत राजेंद्रमध्येही नव्हती. माधवीचं नाव कुठेच नव्हतं. सहा वर्षं मागितलेला क्लास तिला मिळाला होता, पण नोकरी म्हणून, आणि मालकीणही तीच होती जी घरी होती.

तिसऱ्या दिवशी अंबरनाथ पश्चिमेहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. त्यांनी पाटी वाचली, खुर्चीतल्या बनूबाईंकडे पाहिलं आणि जरा चाचरत विचारलं, "शिकवणार तुम्हीच का?"

"मी बसून शिकवते," बनूबाई म्हणाल्या. "उभं राहून शिकवायला सून हाय माजी." मग त्यांनी आत वळून पाहिलं. आत माधवी वीस मुलींना पावलं दाखवत होती. "बरी नाचते."

सहा वर्षांत हे पहिल्यांदाच होतं. माधवीने ते ऐकलं आणि तिचं पाऊल चुकलं. तिच्यामागोमाग वीसच्या वीस मुलींनी ते तसंच चुकवलं.