हमीदचाचांचा कवडसा

आमच्या गल्लीत ऊन आपोआप येत नाही. हमीदचाचा ते माझ्या गच्चीवरून आणतात, आणि वाटेत ते बरंचसं माझ्या डोळ्यांत सांडतं.

चाचा समोर राहतात. जुन्या जालन्यातल्या एका कापड दुकानात त्यांनी उभी हयात काढली. त्यांचं एकच तत्त्व : "ट्यूबलाइट झूठी असती. रंग बघायचा तर बाहेर चला." मग गिऱ्हाइकाला कापडाच्या ताग्यासकट रस्त्यात नेऊन उभं करायचं. एका नवरीच्या मामांनी शालूला मरून म्हटलं, तर चाचा भर रस्त्यात अडून बसले. "मरून न्हाई, कत्थई हाय. तुम्ही घेऊ नका, पर मरून म्हणू नका." मामांनी खरंच घेतला नाही.

माझ्या मुलाखतीचा शर्टपीसही त्यांनीच निवडला. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. मुलाखतीला काय घालतात हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. मागून ऑटोवाले हॉर्न मारत होते आणि चाचा म्हणत होते, "हा आकाशी न्हाई, राखाडी हाय. राखाडी घालून नोकरी मागाया जाता का?" आकाशी घातला, शाळेत लागलो. तेव्हापासून चाचांना नाही म्हणणं मला जमत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मध्यंतरी त्यांच्या घराला खेटून तीन मजली गोदाम उभं राहिलं आणि मागची खोली अंधारली. चाची तिथेच खाटेवर बसून कटपीसच्या गोधड्या शिवतात. गुडघ्यांमुळे त्यांना ओट्यापर्यंतही येववत नाही.

"खाटेपर्यंत ऊन गेलं पायजे," चाचांनी जाहीर केलं.

मी मोठा एलईडी बल्ब सुचवला. मी परीक्षेत कॉपी करताना सापडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुकानाने माणूसभर उंचीचा जुना आरसा काढून टाकला होता. तो चाचांनी ऑटोत आडवा घालून आणला आणि माझ्या गच्चीवर चढवला, कारण ऊन तिथे. तिथून तिरपा केला की कवडसा चाचांच्या दारातून सरळ आत. फक्त सूर्य थांबत नाही. माझी शाळा दुपारची; सकाळी पेपर तपासायला बसावं, तर खालून हाक.

"सर! सूर्य सरकून राह्यला!"

मी वर.

"थोडा डावीकडं. तुमचा डावा न्हाई, माझा! जल्दी!"

एकदा कवडसा घसरून शेजारच्या कमलताईंच्या ओट्यावर गेला. त्यांनी लगेच तिथे कुरडया मांडल्या. "चाचा, आजच्या दिवस राहू द्या की."

"ताई, हे ऊन रिझर्व हाय!"

भांडण त्यांचं चाललं होतं, आणि तापलेली चौकट धरून उभा मी होतो.

गेल्या रविवारी मात्र माझा संयम संपला. आरसा तारेने कठड्याला करकचून बांधला. 'चाचा, बस झालं, उद्या मी स्वतः बल्ब आणून लावतो,' असं सांगायचं ठरवून त्यांच्या घरात शिरलो.

आत कवडसा नेमका खाटेवर पडला होता. चाचींच्या मांडीवरची चिंधी न् चिंधी पेटल्यासारखी दिसत होती. त्यांनी एक तुकडा पार नाकापाशी धरला.

"ये हरा है ना?"

तुकडा निळा होता. मोरपंखीसुद्धा नाही, स्वच्छ निळा. मलासुद्धा कळत होतं. आता चाचा उसळणार म्हणून मी दारातच थांबलो.

चाचांनी तुकड्याकडे पाहिलं. मग चाचींकडे.

"बराबर," ते म्हणाले. "बिलकुल हरा."

आणि हिरवा दोरा शोधून, सुईत ओवून, त्यांनी तो चाचींच्या बोटांत दिला.

"देखो, धूप आई तो कैसा साफ दिखरा," चाची खुशीत म्हणाल्या.

चाचा उठून माझ्यापाशी आले. माझ्याकडे न बघता, कवडशाकडे बघत हळूच म्हणाले, "सर, उजेड अजून कमी पडून राह्यला. जरा बघता का?"

मी गच्चीवर गेलो आणि तार सोडली.

"कुठल्या बाजूला, चाचा?"