गुंडप्पाअण्णांचे तीन किलो

गुंडप्पाअण्णांनी एक दिवस स्वतःच्या शर्टाची कॉलर कात्रीनं कापली आणि काट्यावर ठेवली. अकरा ग्रॅम भरली. मी कुंपणावरून बघत होते.

"अण्णा, चांगला शर्ट होता की!"

"शर्ट हायच की अजून. कॉलर गेली," अण्णा म्हणाले. "उन्हाला पंचा हाय, थंडीला बी पंचाच हाय. मग कॉलर कशाला असती, सांग बघू? साहेब दिसायला. रानात मला कोण साहेब म्हणायलंय?"

हे आमचे भालकीतले शेजारी. अडत बाजारात चाळीस वर्षं मापाडी होते. तुरीची, उडदाची, सोयाबीनची पोती काट्यावर चढायची आणि अण्णा खणखणीत आवाजात वजन पुकारायचे. निवृत्तीनंतर ते देवळाच्या कट्ट्यावर बसतील असं गल्लीला वाटलं होतं. त्यांनी पाठीवर पिशवी टाकली आणि चालायला लागले. कधी बसवकल्याणच्या किल्ल्याकडे, कधी औरादकडून पार चिंताकीपर्यंत. एकदा निघाले की तीन-चार दिवस. मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात, मठात, ओळखीच्या घरी, आणि काहीच नसलं तर दोन काठ्या आणि एक ताडपत्री.

नियम एकच. पिशवी, पांघरूण, खाणं, सगळं मिळून तीन किलो. ऋतू कुठलाही असो.

"लोकं तीन ऋतूला तीन पेट्या भरतेत," अण्णा म्हणतात. "ताडपत्री पावसात छप्पर, थंडीत अंथरूण, उन्हात सावली. आता तिसरी पेटी कामून पायजे?"

पिशवी त्यांनी तांदळाच्या प्लास्टिक पोत्यातून, दाभणानं स्वतः शिवलेली. साबण दोऱ्यानं कापून चौथा हिस्सा. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी आठवडाभर टिकते, पापडासारखी हलकी असते, आणि तिच्यात पाण्याचं वजन वाहून न्यावं लागत नाही. हे शेवटचं अण्णा अशा थाटात सांगतात, जणू आमच्या आज्या-पणज्यांनी भाकरी वाळवली ती केवळ त्यांच्या पिशवीसाठी.

निघायच्या आदल्या दिवशी अंगणात दोन ढीग लागतात. एकाचं नाव 'बेकु', दुसऱ्याचं 'बेडा'. कन्नडात हवं आणि नको. प्रत्येक वस्तू हातात धरून अण्णा तिला नव्हे, तुम्हाला विचारतात, "लागतंय, का असावं वाटतंय?" तुम्ही उत्तर द्यायला थोडा वेळ घेतलात की ती बेडाच्या ढिगात.

मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत निघाले तेव्हा माझी जीन्स, दुसरा टॉवेल आणि छत्री अर्ध्या मिनिटात तिकडे गेली. मग त्यांच्या हाताला एक गठ्ठा लागला.

"हे काय?"

"पत्रकं. दारूच्या दुकानाविरुद्ध. गावोगाव वाटायचीत."

अण्णांनी गठ्ठा काट्यावर ठेवला. "सव्वाचारशे. तुला पाठ हाय का ह्यातलं?"

"मीच लिहिलंय!"

"मग तोंडानं सांग की. तोंड तर न्यायचंच हाय."

मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. पण त्या फेरीत मी तीन गावांत तोंडानं सांगितलं, आणि बायका शेवटपर्यंत बसून राहिल्या. वर उलट प्रश्नही विचारले, ज्यांची उत्तरं पत्रकात नव्हती. हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना उगाच चढेल.

अण्णांच्या घरात त्यांची धाकटी बहीण असते, महानंदाअक्का. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बेंगळूरला, तेव्हा घरात ही दोघंच. अक्का पंचविशीत विधवा झाल्या तेव्हापासून इथं आहेत. भावाच्या सगळ्या भाकऱ्या त्यांनीच वाळवल्या, आणि त्या भाकऱ्या कुठल्या कुठल्या झाडाखाली खाल्ल्या गेल्या ते फक्त ऐकलं.

यंदा पाऊस उघडल्यावर एके सकाळी त्या म्हणाल्या, "मी बी येते. मेहकरला."

मेहकर, आमच्याच तालुक्यातलं, हे त्या दोघांचं जन्मगाव. अण्णांच्या पायांनी एक दिवसाची वाट, अक्कांच्या पायांनी दोन.

"मेहकरला बस जाती की," अण्णा म्हणाले.

"जाऊ दे जाती तर. लग्नात मला तिथनं जीपात बसवून नेलं. तो गेल्यावर जीपातच बसवून हितं आणून सोडलं. दरवेळी कुणीतरी बसवलंच मला. आता चालत जायचंय. आन् पिशवी माझ्या पाठीवर पायजे. तू उचलणार असलास तर सांग, मी येत न्हाई."

अडचण अशी की अक्कांचा मणका सरकलेला. डॉक्टरांनी दोन किलोच्या वर उचलायला सक्त मनाई केलेली. मुलानं फोनवरून समजावलं, "अप्पा, या वयात आत्याला कुठं फिरवायलाव? लोकं काय म्हणतील?" अण्णा म्हणाले, "लोकांचं वजन पिशवीत धरत न्हाई मी." आणि फोन ठेवून काट्याकडे वळले.

तीन आठवडे ते त्या दोन किलोंशी झुंजले. वाकळ उसवून अर्धी केली. पितळी तांब्या गेला, प्लास्टिकची बाटली आली. जाड लुगडं गेलं, नायलॉनची साडी आली. शेवटी चाळीस ग्रॅम जास्त. अण्णांना जेवण जाईना. मग अक्कांनीच डब्याचं झाकण काढून टाकलं, तिथं फडकं बांधलं, आणि करवत मागवून फणी मधोमध कापली.

"अर्ध्या फणीनं कसं व्हायचं, अक्का?" मी म्हटलं.

"केस तरी कुठं पुरे राहिलेत?"

काटा बरोबर दोन किलोवर थांबला. अण्णांनी बाजारातल्यासारखं वजन पुकारलं. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

आम्ही तिघं निघालो. दोन्हीकडं तुरीला पिवळा फुलोरा. अक्का हल्लू हल्लू चालत होत्या, पण थांबत नव्हत्या. भालकीच्या बाहेर एक ओळखीचा मोटारसायकलवाला थांबला. "अण्णा, अक्काला शाळेत घालायलाव का काय?"

"व्हय, तुझ्याच वर्गात," अक्का म्हणाल्या. "मागच्या बाकावर अजून तूच हायस न्हवं?"

तो आल्या वाटेनं परत गेला.

मुक्काम अण्णांचे बाजारातले जुने सोबती शरणप्पा यांच्या गावी होता. सकाळी निघताना त्यांची बायको पार्वतीबाई ताट घेऊन बाहेर आली. घरी आलेली सवाष्ण आमच्याकडे ओटी भरल्याशिवाय जात नाही. तीन आठवडे ग्रॅम ग्रॅम मोजणारे अण्णा नेमकं हे विसरले होते. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं. पार्वतीबाईंनी मला कुंकू लावलं, पदरात नारळ आणि पाच ओंजळी गहू घातले. मग अक्कांकडे वळल्या, आणि त्यांचा हात ताटावरच थांबला.

अक्का चटकन म्हणाल्या, "मला नको वैनी. वजन व्हतंय. डॉक्टरनी न्हाई म्हटलंय."

भावाचं अख्खं शास्त्र त्यांनी दुसऱ्याची लाज झाकायला वापरलं. मी पेटले. ओटी ही प्रथाच चुकीची, मी माझीही परत करते, असं भाषण माझ्या ओठांवर आलं होतं.

अण्णा आधी बोलले. अगदी सावकाश.

"वैनी, तिची बी भरा."

"अण्णा, मी न्हाई म्हणत न्हाई वो. पण रीत..."

"तुमच्या गळ्यात इष्टलिंग हाय. तिच्या बी गळ्यात तेच हाय. आपल्या लिंगायतांत ही दुसरी रीत कुठनं घुसली, मला ठाव न्हाई. मी बी इतकी वर्षं बघत उभा राहिलो, माझी बी चूक हाय. भरा."

पार्वतीबाईंनी ताट खाली ठेवलं. मग आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या घरातला सगळ्यात मोठा नारळ घेऊन परत आल्या.

अक्कांनी पदर पुढं केला. ओंजळी मोजताना पार्वतीबाई चुकल्या, पाचाच्या सात घातल्या. माझं भाषण माझ्या तोंडातच राहिलं. राहिलं ते बरं झालं.

आता अक्कांची पिशवी साडेतीन किलोवर गेली असणार. अण्णांनी ती उघडली, वाकळ काढली, बाटली, डबा, भाकऱ्या, सगळं काढून स्वतःच्या पिशवीत कोंबलं.

"दादा, तू उचलणार न्हाईस असं ठरलंय," अक्का म्हणाल्या.

"ओटी तुझी हाय. ती तुझ्याच पाठीवर. बाकीचं नुसतं सामान हाय," अण्णा म्हणाले.

दुपारपर्यंत त्यांना धाप लागली होती. पिशवीचे बंद जेमतेम टिकले होते. दर फर्लांगाला मी हात पुढं करायचे आणि ते झटकायचे. आणि तरी गडी शीळ घालत होता.

मेहकर दिसायला लागलं तसे अण्णा वेशीबाहेरच्या लिंबाखाली मटकन बसले. "चपलेत खडा गेलाय. महानंदा, तू हो फुडं. आम्ही येताव."

चपलेत खडा नव्हता. त्यांनी चप्पल काढलीसुद्धा नाही.

अक्का एकट्याच वेशीतून आत गेल्या. ताठ मानेनं, पाठीवर पिशवी. नळावर चार बायका होत्या. त्यातली एक हंडा टाकून उठली.

"अगं बया! गुंडप्पाची महानंदा न्हवं तू? कशानं आलीस गं? बस तर आली न्हाई अजून!"

"चालत आले," अक्कांचा आवाज आम्हाला झाडाखाली स्वच्छ ऐकू आला. "भालकीहून. बघ, ओटी भरली वाटेत."

बाकीच्या बायका गोळा झाल्या. मी उठायला लागले, तसा अण्णांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं होतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "तिचं सांगून होऊ दे."