न टोचणारा पट्टा

डोमाभाऊंशी ओळख झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या गळ्यात तांब्या अडकवला.

आंधळगावच्या शाळेत बदली होऊन मी नुकताच आलो होतो. सामान अजून टेम्पोतच होतं. समोरच्या घरातून पन्नाशी ओलांडलेला, एक खांदा वर आणि एक खाली असलेला माणूस आला आणि बाजारात बैल पाहावा तसा माझी मान निरखू लागला. "सर, जरा हे घालून पाहा बरं," म्हणाला. मी काही बोलायच्या आत एक रुंद काळा पट्टा माझ्या गळ्यात होता आणि पट्ट्याला पितळेचा तांब्या लोंबत होता. तांब्यात रेती, वर फडकं घट्ट बांधलेलं.

"अर्धा घंटा राहू द्या. मंग सांगा, कुठं टोचते."

मी तसाच सामान उतरवत राहिलो. बायको आतून आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे काय? रस्त्यात नवस बोलले का?"

डोमाभाऊ लग्नाचे फोटो काढत. तीस वर्षं हाच धंदा. कॅमेरा, मोठी लेन्स आणि वरचा फ्लॅश मिळून जेवढं वजन होतं, तेवढीच रेती त्यांनी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून त्या तांब्यात भरली होती. कॅमेरा दुसऱ्याच्या गळ्यात द्यायचा नाही, पण पट्टा तर दहा गळ्यांवर तपासला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमन, भाजीवाली, मत मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांनी तो तांब्या वागवलेला. काही लोक आमच्या गल्लीतून जाताना उन्हाळ्यातही मफलर बांधून जात.

त्यांना हवा होता न टोचणारा पट्टा. एवढंच. बाकी आयुष्याकडून त्यांनी काही मागितल्याचं मी ऐकलं नाही.

कंपनीने कॅमेऱ्याबरोबर दिलेल्या पट्ट्याला ते फाशीची दोरी म्हणत. भंगारवाल्याकडून एका मोटारीचा सीटबेल्ट आणून त्यांनी त्याला गादीचा फोम शिवला. तो घामाने भिजला की त्यातून उकडलेल्या बटाट्यासारखा वास येई, आणि नवरीकडच्या बायका नाकाला पदर लावून फोटोला उभ्या राहत. मग एका खांद्यावरून तिरका जाणारा आणला. मग दोन्ही खांद्यांवर बसणारा, पाठीवर फुली असलेला. तो घालायला सोपा होता, काढायचा कसा ते कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं. त्या दिवशी मी शाळेतून परत येईपर्यंत डोमाभाऊ ओट्यावर दोन्ही हात वर करून बसले होते.

"सर, बरं झालं आले. दुपारपासून असाच बसून आहो."

"कुणाला हाक नाही मारली?"

"मारली. लोकं हात जोडून पुढं गेले. त्यायले वाटलं, जप करून राहिलो."

आमचं गाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडाचं. शेजारच्या म्हाताऱ्या विणकराला गळ घालून डोमाभाऊंनी कोशाचा पट्टाही विणून घेतला. इतका देखणा की माझी बायको म्हणाली, याचं ब्लाऊज झालं असतं. गळ्याला अजिबात टोचत नव्हता. पण टिकतही नव्हता. खांद्यावरून सुळकन घसरला आणि तांब्या त्यांच्या अंगठ्यावर पडला. पंधरा दिवस ते एका पायात चप्पल आणि एका पायात पट्टी घालून फिरत होते. पट्टी त्याच कोशाची होती.

रात्रंदिवस मोबाइलवर व्हिडिओ. परदेशातले लोक इंग्रजीत पट्ट्यांविषयी बोलत. डोमाभाऊंना इंग्रजी येत नव्हतं, पण ते बोलणाऱ्याचं तोंड पाहतच नसत, मान पाहत. "हा माणूस खोटा बोलून राहिला सर. पाहा, घामाचा डाग नाही गळ्याले. यानं एक तरी लग्न केलं आहे का?"

प्रत्येक पट्ट्याचं आयुष्य आठ दिवसांचं. पहिल्या दिवशी डोमाभाऊ रस्त्यात थांबवून सांगत, "भेटला सर, भेटला." तिसऱ्या दिवशी बोलणं कमी होई. आठव्या दिवशी पट्टा भिंतीवरच्या खुंटीला गेलेला असे, शेजारच्या पट्ट्यांच्या सोबतीला. गोठ्यात दावी टांगावीत तशी ती भिंत दिसे. तिच्याकडे पाठ करून बसून ते म्हणत, "सब बेकार आहे. देवानं माणसाले मान देली, खुंटी नाही देली."

सगळ्यात मोठा घात केला होल्स्टरने. गळ्याचा नादच सोडावा म्हणून त्यांनी कमरेला बांधायची खोळ मागवली. फौजदाराच्या पिस्तुलासारखी, टक्कन उघडणारी. ती घालून, वर ढगळ सदरा सोडून ते मोहाडीकडच्या एका लग्नाला गेले. नवरदेवाचे मामा जुने ओळखीचे. त्यांनी प्रेमाने मिठी मारली आणि कमरेचा टणक ऐवज त्यांच्या हाताला लागला. मामा हसत हसत मागे सरकले आणि मांडवभर सांगत सुटले, "फोटोवाल्यापाशी कट्टा आहे!"

चौघांनी डोमाभाऊंना उचलून आचाऱ्याच्या पडद्यामागे नेलं. खोळ उघडली, लेन्स निघाली, माफ्या झाल्या, पाणी दिलं. तोवर बाहेर मंगलाष्टकं संपून हारही पडले होते. लग्न लागलं आणि हार घालतानाचा एकही फोटो नाही. मग जेवणं झाल्यावर नवरा-नवरीला परत उभं करून सुकलेले हार पुन्हा घालायला लावले. त्या अल्बमात नवरीच्या ओठाला वरण लागलेलं आहे.

"सब बेकार," डोमाभाऊ घरी येऊन म्हणाले. खोळ खुंटीला गेली.

आम्ही हसत होतो. सगळं गाव हसत होतं. मी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या नकला करत असे, हे लपवून काय उपयोग.

मागच्या पावसाळ्यात मला जिल्हा कार्यालयात काम होतं. डोमाभाऊ म्हणाले, "मीही येतो भंडाऱ्याले. एक बक्कल पाहायची आहे." मोटारसायकलवर मागे बसले. भंडाऱ्यात शिरल्यावर बाजाराकडे वळलो तर म्हणाले, "इकडं नाही सर. त्या दवाखान्यापाशी थांबवा."

माझं काम उरकून मी त्यांना घ्यायला परत आलो तेव्हा त्यांचा नंबर लागत होता. ते एकटे आत जायला निघाले, दारातच तोल गेला, म्हणून मीही धरून आत गेलो. डॉक्टरांनी त्यांना पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"अजून सोडलं नाही ना तुम्ही?"

डोमाभाऊ शाळकरी पोरासारखे जमिनीकडे पाहत राहिले.

"तीन वर्षं झाली मी सांगतोय. मानेतली नस दबली आहे. पट्टा बदलून नस मोकळी होत नाही काका." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मुलगा का?"

"शेजारी," मी म्हणालो.

त्यांनी डोमाभाऊंना डोळे मिटायला लावले आणि उजव्या हाताच्या बोटांना एकेक करून टाचणी लावली. "कळतंय?" दोन बोटांच्या वेळी डोमाभाऊ "हो" म्हणाले. तेव्हा टाचणी डॉक्टरांच्या खिशात होती.

परत येताना मोहाडीला चहाला थांबलो. पाऊस भुरभुरत होता. डोमाभाऊंनी कप डाव्या हाताने उचलला. तीन वर्षं हा माणूस आमच्याकडे डाव्या हाताने चहा पीत होता आणि मला वाटत होतं, तीही त्याची एक लहर.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "मग पट्टे कशाला शोधत होता?"

"डॉक्टर म्हणे, काम सोडा. म्या म्हटलं, आधी पट्टा तर पाहू. पट्टा भेटला असता तर डॉक्टर खोटा ठरला असता."

"सोडा ना मग. एकटा जीव. जमीन आहे थोडी, धान होतं. कमी काय आहे?"

त्यांनी कप ठेवला. "सर, तुम्हाले लग्नाची पत्रिका येते. मले कधी आली नाही. मले फोन येते, या तारखेले या म्हणून. माय मेल्यावर मी कोणाच्या घरी सणालेही गेलो नाही, कोणी बोलावलंच नाही. पण लग्नात? भाऊ इकडं या, भाऊ आजीचा एक काढा, भाऊ कुठं गेले, भाऊ येईपर्यंत हार थांबवा. तीस वर्षं मांडवातला एकही माणूस माझ्याशिवाय हलला नाही. कॅमेरा काढून ठेवला तर मले कोण म्हणते इकडं या?"

मी म्हणालो, "असं काही नसतं. लोक बोलावतील."

असंच असतं. लोकांनी बोलावलं नाही.

दिवाळीनंतर त्यांनी कॅमेरा विकला. तुळशीचं लग्न झालं, गावात मांडव पडू लागले. डोमाभाऊ धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसत. वराती समोरून जात, ओळखीचे लोक हात करत आणि पुढे जात. मी लाज सोडून दोन-तीन घरी जाऊन सुचवलं. "हो हो, बरी आठवण केली," म्हणत. एकाने मात्र खरं सांगितलं, "पण सर, यंदा फोटोवाला दुसरा सांगितला आहे ना आम्ही!" त्याला वाटलं, मी धंद्याची शिफारस करतोय.

मार्चात एके सकाळी डोमाभाऊ पत्रिका घेऊन आले. वनमालाताईंच्या मुलीचं लग्न. वनमालाताई आमच्या गावच्या अंगणवाडीत. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो डोमाभाऊंनीच काढलेले, मुलीच्या बारशाचेही. पाकिटावर नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'सहपरिवार'.

"सर, हे कसं करावं?" त्यांचं बोट त्या शब्दावर होतं. "मी तर एकटा. तुम्ही चालता का? वहिनीले घेऊन."

आम्ही गेलो, सहपरिवार. सकाळी अकराचं लग्न. डोमाभाऊंनी सदऱ्याला इस्त्री केली होती, खिशाला पेन लावलं होतं. मांडवात शिरल्यावर आम्ही खुर्च्यांकडे वळलो आणि ते सवयीने थेट स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तुमसरची एक तरुण मुलगी फोटो काढत होती. चपळ, कामात गुंतलेली.

"काका, जरा बाजूले व्हा. फ्रेममध्ये येऊन राहिले."

ते डावीकडे झाले.

"काका, तिकडूनही दिसता."

ते मागे सरले तर वाजंत्रीवाल्यांच्या मध्ये आले. पुढे आले तर नवरदेवाच्या आजीला दिसेना. तीस वर्षं या माणसाला मांडवात कुठं उभं राहावं हे कधी विचारावं लागलं नव्हतं. आता एवढ्या मोठ्या मांडवात त्यांना पाय ठेवायला जागा सापडत नव्हती. आजूबाजूचे लोक हसले. मीही आजवर त्यांना हसत आलो होतो, त्या दिवशी मात्र मला जमलं नाही. माझी बायको लता उठली, पुढे गेली आणि त्यांच्या मनगटाला धरून म्हणाली, "भाऊजी, आपली जागा धरून ठेवली आहे."

मंगलाष्टकं होईपर्यंत ते आमच्यामध्ये बसले. दर मंगलाष्टकाला त्यांचा उजवा हात छातीपर्यंत वर येई आणि रिकामा खाली जाई.

पहिल्याच पंगतीला वनमालाताईंनी आम्हाला बसवलं. पानावर भात पडला, वर वरण, बाजूला वांग्याची भाजी. डोमाभाऊंनी घास घेतला आणि थांबले. दोन बधिर बोटांतून शितं गळत होती. मला वाटलं त्यामुळे थांबले. लताने वाढणाऱ्याकडून चमचा मागून त्यांच्या पानाशी ठेवला. पण त्यांनी तो घेतला नाही. ते भाताकडे पाहत होते.

"वाफ निघते," ते म्हणाले.

"गरम आहे, हळू खा," मी म्हणालो.

"नाही सर. मी सगळ्याच्या मागून जेवत होतो. सगळे उठले, मांडव रिकामा झाला, मंग आचारी हाक मारे. मले वाटे, लग्नातला भात असाच असते. थंडा."

त्यांनी सगळं पान संपवलं. चमच्याने, डाव्या हाताने, मान खाली घालून. वनमालाताई आग्रहाला आल्या, "भाऊ, आणखी घ्या," तेव्हा त्यांना मान वर करता आली नाही. दुखत होती की काय, मी विचारलं नाही.

दुपारी तीनला आम्ही गल्लीत परतलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. डोमाभाऊंनी कुलूप काढलं, कडीवर हात ठेवला आणि दार न उघडताच वळले.

"सर, एक विचारू? लग्न झाल्यावर लोक घरी येऊन काय करतात?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. लग्नाहून आलं की ते रात्रीपर्यंत कॉम्प्युटरवर फोटो उतरवत बसत. तीस वर्षांत कुठल्याही लग्नाची दुपार त्यांच्यासाठी दुपारी संपलीच नव्हती.

"काही नाही भाऊ," मी म्हणालो. "झोपतात."

"असं," ते म्हणाले. "मले दुपारची झोप येत नाही."

लता आमच्या दारात चपला काढत होती. ती वळली नाही, तिथूनच म्हणाली, "मग या इकडं. चहा ठेवते."

ते आले. आमच्या पडवीत भिंतीला टेकून बसले. चहा झाला, कप रिकामे झाले, लताने ते विसळून पालथे घातले. ते उठले नाहीत. आम्हीही आत गेलो नाही.