ढगातलं कुणाला ऐकू येत नाही

मोठ्या बायकांना वाचायला शिकवायचं, त्यात काय एवढं! हे वाक्य मी दोन हजार अकरा साली खांदा कॉलनीत, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, अगदी ठणकावून म्हटलं होतं. बत्तीस वर्षं नकाशे ट्रेस करून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि हात शिवशिवत होते. पन्नाशीतल्या बाईला ‘कमळ बघ’ कोण वाचायला लावतं? मी सरळ चित्रकथा काढल्या. मासळीबाजारातलं भांडण, रिक्षावाल्याशी हुज्जत! प्रत्येकाच्या तोंडाशी फुगा आणि फुग्यात बोलणं. दोन महिन्यांत बायका धडाधड फुगे वाचायला लागल्या.

तिथेच थांबायचं ना? पण नाही! मी ढग शिकवला.

"बाई, या फुग्याला शेपटी सोडून टिंबं कशाला?" हुस्नबानोनं विचारलं.

"हा फुगा नाही, ढग. यात मनातलं लिहायचं. ढगातलं समोरच्याला ऐकू येत नाही!"

"या अल्ला! अशी सोय आमच्या घरात पाहिजे होती!"

सगळ्या हसल्या. भामा तेवढी हसली नाही. तिनं ढग वहीत उतरवून घेतला.

भामा मिठागरवाल्यांच्या घरची सून. नऊ वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या हळदीत तिची सख्खी बहीण सत्यवती चारचौघांत म्हणाली, "मटणात मीठ जास्त झालंय." मिठागरवाल्यांना हे ऐकवायचं! झालं, बोलणं बंद. आता लेकीचं, मनस्वीचं लग्न ठरलं होतं आणि भामाला तिच्या हळदीला मावशी हवी होती. फोन केला की सत्यवती कापायची. म्हणून तर भामा वर्गात आली होती.

"माज्या हातची चिट्टी बघंल तरी ती," म्हणायची.

एके दिवशी चिठ्ठी तयार झाली. मी म्हटलं, "दाखव, तपासून देते."

"नको बाई. ढगात खाजगी हाय."

माझी ट्यूब इथेच पेटायला हवी होती. पण माझी विद्यार्थिनी स्वतः चिठ्ठी लिहिते या आनंदात मी इतकी फुगले होते, की सत्यवतीचा उरणचा पत्ता घालून ती स्वतः पेटीत टाकून आले!

चौथ्या दिवशी सत्यवतीचा फोन आला. नऊ वर्षांत पहिला! भामानं वर्गातच उचलला. पलीकडचा आवाज हॉलभर ऐकू आला.

"ढगातला पन वाचला गो सूनबाईनं!"

फोन कट.

भामा माझ्याकडे बघत राहिली. "बाई, तुमी तर बोल्लाव, ऐकू येत नाय."

फुग्यात तिनं लिहिलं होतं, ‘सते, झाला गेला इसर. मनूच्या हलदीला ये.’ आणि वर ढगात, ‘मीठ बराबर होता. तुझीच जीब खारट.’

दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं उरण गाठलं. सत्यवतीनं लिंबू सरबत दिलं.

"मीठ नाय टाकला," म्हणाली, "जास्त व्हायचा!"

मी तसंच घोटभर प्यायले आणि सगळा धडा नव्यानं शिकवला. फुगा म्हणजे काय, ढग म्हणजे काय. चूक भामाची नाही, माझी!

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे फुग्यातला ती वरवर बोलली, आन् ढगातला तिच्या मनात हाय. असाच ना, बाई?"

बत्तीस वर्षांत माझी एक रेघ चुकली नव्हती. आणि आता एक ढग चुकला होता! मी सरबत संपवलं आणि परतीची एसटी धरली.

हळद झाली. भामा पाहुण्यांना वाढता वाढता दर थोड्या वेळानं मांडवाच्या तोंडाशी जाऊन बघत होती. सत्यवती आली नाही. मटणात मीठ बेताचं होतं. मी मात्र दोन घासांत ताटावरून उठले. मला फार वाईट वाटत होतं, अजूनही वाटतं.

पुढच्या सोमवारी भामा वर्गात येईल असं वाटलं नव्हतं. आली. माझ्यापुढे एक कागद ठेवला. चित्रात चष्मेवाली बाई, म्हणजे मी, आणि समोर ती. तिच्या फुग्यात एकही चूक न करता लिहिलं होतं, ‘बाई, तुमचा काय दोष नाय.’

वर भलामोठा ढग होता. रिकामा.

"भामा, यात काही लिहिलं नाहीस?"

"नाय बाई," ती म्हणाली, "आता मी शिकली."